पायलट विझतो तेव्हा

इचोड्यात माझ्या धंद्याचा हंगाम कापसाबरोबर सुरू होतो. पहिली वेचणी बाजारात जाते, हातात थोडा पैसा खेळू लागतो आणि उन्हाळा-पावसाळाभर भिंतीवर नुसता लटकलेला गीझर लोकांना आठवतो. तोवर थंडीही उतरलेली असते. दक्षिणेत कुठली आलीय थंडी, असं ज्यांना वाटतं त्यांनी पौषात आदिलाबाद जिल्ह्यात एक रात्र काढावी. तेलंगणात सगळ्यात कडक थंडी आमच्याकडे पडते. पारा पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले पहाटे टायर जाळून हात शेकताना दिसतात. अशा पहाटे शेतावर जाणाऱ्याला, शाळेत जाणाऱ्या पोराला आणि बाळंतिणीला गरम पाणी लागतंच.

आमच्या लहानपणी हे पाणी पऱ्हाटीवर तापायचं. कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटून बांधावर रचायच्या आणि वर्षभर त्याच जाळायच्या. तुराट्या पेटवायला, पऱ्हाट्या जाळायला. बऱ्या घरात तांब्याचा बंब होता, मधे नळकांडं, खाली जाळी, बाजूला तोटी. बाकीच्यांकडे तीन दगडांवर काळाकुट्ट हंडा. रात्री आजी चुलीतला एक निखारा राखेखाली दाबून ठेवायची आणि पहाटे त्याच्यावर चार काड्या टाकून फुंकणी घातली की जाळ उभा राहायचा. पायलट म्हणजे काय, असं गिऱ्हाइकाने विचारलं की मी हेच सांगतो: राखेखालचा निखारा. मोठा जाळ पेटवायला जपून ठेवलेला छोटा जाळ. इतकं सांगितलं की मराठी, तेलुगू, गोंडी, कुठल्याही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढचं समजावावं लागत नाही.

पण गीझरच्या पायलटकडे आणखी एक काम असतं. आजीच्या निखाऱ्याकडे ते नव्हतं आणि मला जे सांगायचंय ते त्याच कामाबद्दल आहे. पायलट राखण करतो. तो जळतोय तोवरच गॅसचा रस्ता उघडा राहतो. तो विझला की रस्ता बंद. त्यामुळे ‘पायलट टिकत नाही’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर त्याला टिकवायचं कसं हा माझा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न, तो का विझतोय?

खरा पायलटवाला गीझर आता क्वचितच हाताखाली येतो. हल्लीचे गीझर बॅटरीवर चालतात. दीड-दीड व्होल्टचे दोन जाडे सेल, पाणी सुरू झालं की आतला रबरी पडदा फुगतो, पिन सरकते, स्विच दाबला जातो, टकटकटक ठिणगी पडते आणि बर्नर धरतो. ठिणगी पडूनही जाळ धरला नाही तर काही सेकंदांत गॅस आपोआप बंद होतो. यातल्या निम्म्या तक्रारी सेल बदलले की मिटतात. राहिलेल्यांतल्या पुष्कळशा पाण्याच्या दाबाच्या असतात. आमच्याकडे टाकी सरळ स्लॅबवर ठेवतात, खाली चार विटासुद्धा नसतात. मग शॉवरपर्यंत येणाऱ्या पाण्यात तो पडदा फुगवण्याइतका जोर नसतो. गीझरला नावं ठेवण्याआधी टाकी उचला, हे मी किती घरी सांगितलं असेल!

गुरुजींचा गीझर मात्र जुन्या पद्धतीचा, पायलटवाला. त्यांच्या मुलाने पुण्यात नवा घेतला तेव्हा जुना इकडे पाठवून दिला. गुरुजींनी मला मराठी शाळेत शिकवलेलं, त्यामुळे त्यांचा निरोप आला की मी दुकानातलं हातातलं काम ठेवून जातो. दिवाळी नुकतीच झाली होती.

“पायलट लागतो, पण बोट काढलं की जातो,” गुरुजी म्हणाले. “काहून करत असंल रे असं?”

या एका वाक्याने अर्धं निदान होतं. पायलट मुळीच लागत नसेल तर गॅस येत नाही किंवा जेट बुजलंय. लागतो पण नॉब सोडताच विझतो म्हणजे जाळाच्या उबेतून वीज करणाऱ्या धातूच्या दांडीपर्यंत, म्हणजे थर्मोकपलपर्यंत, ऊब पोचत नाही, किंवा पोचूनही तिची वीज पुढे जात नाही. तिसरा प्रकार म्हणजे लागतो, टिकतो आणि आंघोळीच्या मध्यावर विझतो. त्याच्याकडे मी पुढे येतोच.

रेग्युलेटर बंद केला, थोडा वेळ जाऊ दिला, खिडकी उघडी आहे ना ते पाहिलं आणि पुढचा पत्रा काढला. पायलट पेटवून बघितला तेव्हा जाळ निळा नव्हता. पिवळट, बुटका, एका बाजूला कललेला. थर्मोकपलचं टोक त्या जाळाच्या वर बोटभर मोकळंच राहिलं होतं आणि त्यावर काजळी चढली होती. पायलटच्या नळीला हवा आत घ्यायला बाजूने एक भोक असतं. तिथे टॉर्च मारली तर भोकाच्या तोंडाशी लालसर मातीचा सुबक लिंपा. कुंभारीण माशीचं घर! पावसाळ्यात गीझर बंद असतो. ही माशी चिखलाचे इवलेसे गोळे आणून अशी आयती नळी गाठते, आत कोळी कोंबते, अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. जिथे कुंभारीण नसते तिथे कोळी जाळं विणतो. गॅसच्या नळ्यांशी त्यांची ही जुनी ओळख आहे. दर हंगामाच्या सुरुवातीला पहिली सफाई त्यांच्याच घरांची असते.

माती ओली करून सोडवली. जेट खोलून पेट्रोलमध्ये बुडवलं आणि तोंडाने उलट्या बाजूने फुंकलं. पायलटच्या जेटचं भोक केसाहून थोडंच जाड असतं, त्यात सुई घालायची नाही. सुईने भोक मोठं होतं, जाळ मोठा आणि पिवळा होतो, काजळी वाढते. स्टोव्हच्या पिनेची सवय असलेली माणसं इथेच घात करतात. मग थर्मोकपलचं टोक बारीक पॉलिश पेपरने पुसलं. त्याची दुसरी बाजू, जिथे ती पितळी नटाने व्हॉल्व्हमध्ये बसते, तिथे हिरवट गंज चढला होता. तीही साफ केली. हा नट हाताने बसवून वर पान्याने पाव फेरा द्यायचा, बस्स. जास्त आवळला तर आतलं इन्सुलेशन चिरडतं आणि मग चांगलं थर्मोकपलही मुकं होतं.

या थर्मोकपलबद्दल मला अजून नवल वाटतं. १८२१ साली थॉमस सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की दोन वेगवेगळे धातू दोन्ही टोकांना एकमेकांशी जोडून एकच सांधा तापवला, तर जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई हलते. दोन धातू आणि थोडी ऊब, यातून वीज. गीझरमध्ये ती किती निर्माण होते? वीस-तीस मिलिव्होल्ट. आपल्या टॉर्चच्या एका सेलच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी. तेवढ्यावर व्हॉल्व्हमधलं छोटं चुंबक गॅसचं झाकण धरून ठेवतं. झाकण ओढून उघडायची ताकद त्या विजेत नसते, म्हणून सुरुवातीला नॉब आपण बोटाने दाबतो. वीस-तीस सेकंद दाबून ठेवायचा, तोवर टोक लाल होतं, चुंबकात जीव येतो, आणि मग बोट काढलं तरी झाकण उघडं राहतं. पायलट विझला की टोक निवतं, वीज जाते, चुंबक हात सोडतं आणि स्प्रिंग झाकण बंद करते. याला बाहेरची लाइट लागत नाही, सेल लागत नाही. जाळ स्वतःच्या उबेवर स्वतःची राखण करतो.

सफाईआधी मल्टिमीटरवर आठ-नऊ मिलिव्होल्ट दिसत होते, नंतर चोवीस. जाळ निळा, सरळ, टोकाला वेढून बसलेला. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावला, कुठे बुडबुडा येत नाही ते बघितलं. गळती आगपेटीने तपासणारे महाभाग अजून आहेत, म्हणून हे लिहितो: फेसच लावा. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बटणाला हात नाही, आणि १९०६ या नंबरवर फोन. आपला गॅस हवेहून जड असतो, तो वर उडून जात नाही. जमिनीलगत, मोरीच्या तोंडाशी साचून राहतो.

निघताना मी गुरुजींना एवढंच सांगितलं की आंघोळी आटोपल्या की पायलट बंद करत जा. रात्रंदिवस जळता ठेवला तर महिन्याभरात सिलिंडरचा चांगलाच हिस्सा तोच खातो. जगभर पायलटची पद्धत मागे पडली त्याचं हे एक मोठं कारण.

पौष लागला. थंडी कडक झाली की आमच्याकडे एक वेगळीच तक्रार सुरू होते, तिच्यात गीझरचा काही दोष नसतो. आपल्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतं, पण ब्यूटेन शून्याच्या जरासं खाली. म्हणजे पाच अंशांच्या पहाटे ब्यूटेनची वाफ व्हायला फार जोर राहत नाही. त्यात वाफ होताना ती सिलिंडरचीच ऊब खाते, म्हणून चालू गीझरच्या सिलिंडरला बाहेरून दव धरतं. शेगडीला गॅस थोडा लागतो, तिचं भागतं. गीझर तिच्या चार-पाच पट ओढतो, त्याचा जाळ बसतो. मग “चहा होतो, मग पाणी काहून तापत नाही?” हा प्रश्न येतो. सिलिंडर संपत आलेला असेल तर हे जास्तच जाणवतं. यावर लोक सिलिंडर आडवा करतात किंवा उकळत्या पाण्याच्या परातीत उभा करतात. दोन्ही जिवावरचे खेळ आहेत. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी पातळ गॅस नळीत येतो आणि बर्नरवर भडका होतो. ऊन चढेपर्यंत थांबा किंवा भरलेला सिलिंडर लावा, याहून वेगळा उपाय माझ्याकडे नाही.

गुरुजींचा फोन आला तेव्हा मला आधी हेच वाटलं. पण ते म्हणाले, “लागतो, टिकतो. सुनबाई आंघोळीला गेली की पाच-सात मिनिटांनी आपोआप जातो. परत लावायला गेलं तर लागत नाही. दार उघडून थोडं थांबलं की लागतो. थर्मोकपल बदलून टाक एकदाचं.”

हा तो तिसरा प्रकार. मी थर्मोकपल न घेताच गेलो. मोरीत पाय टाकला आणि वर बघितलं. दिवाळीनंतर उघडी असलेली खिडकीची झडप आता जाड प्लास्टिकने चारी बाजूंनी खिळे मारून बंद केली होती. दाराखालच्या फटीत पोत्याची वळकटी. नातू लहान, गार वारा लागू नये म्हणून गुरुजींच्या पत्नीने, काकूंनी, मायेने केलेला बंदोबस्त. मी सुनबाईंना विचारलं, “वहिनी, आंघोळीनंतर कसं वाटतं?”

“डोकं धरतं भाऊ,” त्या म्हणाल्या. “मळमळतं कधी कधी. थंडीनं असंल.”

थंडीने नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि तो हिशेब मांडला, जो मी आता प्रत्येक घरात मांडतो.

ही मोरी चार फूट बाय पाच, उंची आठ. म्हणजे १६० घनफूट, साधारण साडेचार घनमीटर हवा. एक किलो गॅस नीट जळायला बारा-साडेबारा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण चालला तर तासाला किलोच्या जरा आत गॅस जाळतो. पाव तासाची आंघोळ धरा, म्हणजे पाव किलोच्या आसपास. त्याला हवा लागली तीन घनमीटरच्या जवळ. मोरीतल्या हवेचा निम्म्याहून मोठा वाटा! आणि आतल्या माणसाने श्वास कशाचा घ्यायचा? इतकी हवा संपेपर्यंत जाळ नीट जळतही नाही. ऑक्सिजन कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास यावा म्हणून कंपन्या मर्कॅप्टन घालतात, याला कोण काय घालणार? रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडीपर्यंत हात पोचत नाही. हिवाळ्यात ‘बाथरूममध्ये बेशुद्ध’ अशा बातम्या महाराष्ट्रातून, तेलंगणातून दरवर्षी येतात, त्यांतल्या पुष्कळांच्या मागे हाच वायू असतो. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यावर निबंध लिहिले आहेत. आंघोळीत झटका येऊन पडलेल्या माणसाला मिरगी समजून औषधं सुरू होतात आणि दोष निघतो गीझरचा, हे त्यांनी नोंदवून ठेवलंय. ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावही त्याला पडलंय.

गुरुजींच्या जुन्या गीझरचा पायलट अशा रचनेचा होता की हवेत ऑक्सिजन घटला की जाळ लांबट, आळसट होऊन थर्मोकपलपासून वर उचलला जायचा. टोक निवायचं. चुंबक सुटायचं. त्या घरात रोज सकाळी तो विझत होता, कारण मोरीतली हवा माणसाने श्वास घेण्याजोगी राहिली नव्हती. थर्मोकपल बदलून, जाळ मोठा करून तो टिकवता आला असता. काम दहा मिनिटांचं होतं आणि गुरुजींनी खुशीने पैसेही दिले असते.

हा धोका काही नवा नाही. बेंजामिन मॉघन या लंडनच्या माणसाने १८६८ साली गॅसवर तात्काळ पाणी तापवणारं यंत्र काढलं, ‘गीझर’ हे नावही त्यानेच दिलं. त्या यंत्राला धूर बाहेर न्यायला नळकांडंच नव्हतं, सगळा जळका वायू न्हाणीघरातच. दीडशे वर्षं उलटून गेली. आमच्याकडे आजही गीझर विकताना दुकानदार किती लिटरचा हवा ते विचारतो, कुठे लावणार ते विचारत नाही. याचा मला राग येतो. ज्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर आहे त्याने तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तो विचारायच्या ऐवजी काहीजण काय करतात तेही सांगतो. पायलटच्या नॉबला लाकडाची पाचर ठोकलेली मी पाहिली आहे. नव्या गीझरमध्ये जास्त तापल्यावर बंद करणाऱ्या सेन्सरच्या दोन वायरी काढून एकत्र पिळलेल्या असतात. गिऱ्हाईक खूश, कारण आता तो ‘मधेच बंद पडत नाही’. त्याच हंगामात हायवेकडच्या एका घरी गेलो होतो. घरमालक तेलुगू. “मंट आरिपोतोंदी, अन्ना,” म्हणाले, जाळ विझतोय. आणि त्यांना नेमकं हेच हवं होतं, वायरी जोडून द्या. मी नाही म्हटलं. ते नाराज झाले, दुसरा मिस्त्री आणतो म्हणाले. मी त्यांच्या घरच्या बाईमाणसांसमोर, मला येते तेवढ्या तेलुगूत, डोकेदुखीचं विचारलं. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग मालकांनी स्वतःच शिडी आणली आणि व्हेंटिलेटरवर ठोकलेला पुठ्ठा काढला.

गुरुजींकडे प्लास्टिक काढून भागणार नव्हतं. नातवाला वारा लागतो ही काकूंची काळजीही खरी होती. म्हणून गीझरच मोरीबाहेर काढायचं ठरलं. मागच्या वऱ्हांड्यात, तिन्ही बाजूंनी मोकळी हवा, वर पत्र्याचं छप्पर. मिस्त्रीने भिंतीला भोक पाडलं, ते सोपं गेलं नाही. आमच्याकडची जुनी बांधकामं काळ्या दगडातली. सिलिंडर वऱ्हांड्यातच, उभा, गीझरपासून बाजूला. नारिंगी रबरी नळीवरची तारीख बघितली, पाच वर्षं होत आली होती, ती बदलली. गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत नेला. मोकळ्यावर वाऱ्याने पायलट फडफडू नये म्हणून एका बाजूला पत्र्याचा आडोसा केला, पण तो गीझरच्या वरच्या जाळीपासून हातभर लांब. जळका वायू तिथूनच बाहेर पडतो. गीझर आत अडकवून वर झाकण घातल्यासारखं करणं म्हणजे पुन्हा तेच.

त्या दिवसापासून पायलट आंघोळीच्या मध्यावर विझलेला नाही आणि वहिनींचं डोकं धरलेलं नाही. काकूंची मात्र एक तक्रार राहिली. पाइप लांबल्यामुळे सुरुवातीचं अर्धी बादली पाणी गारच येतं. ते त्या भांडी विसळायला घेतात, तरी मनाला पटत नाही. पुढच्या वेचणीआधी त्या पाइपला फोमचं आवरण चढवून देतो असं मी कबूल केलंय. आदिलाबादहून माल आणायचा राहिलाय.